शिकविणाऱ्यांनीं शिकावें कोठें ?

आपल्याकडे बहुतेक विद्या चारचौघांच्या देखत येतात. नवी सून पहिल्या होळीला पुरणपोळी लाटावयास बसते, तेव्हां सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि माहेरपणास आलेल्या नणंदबाई अशा तिघींचे डोळे तिच्या पोळपाटावर असतात. पोळी फाटली तर थोडें हंसें होतें. पण लगेच कोणी तरी ‘कणीक अजून सैल हवी’ असें सांगतें, आणि पुढच्या सणाला पोळी फाटत नाहीं. कीर्तनकाराचा शिष्य कित्येक वर्षें बुवांच्या मागें झांज घेऊन उभा असतो. नवा वकील थोरल्या वकिलांबरोबर कोर्टाची पायरी चढतो. नवा डॉक्टर वडील डॉक्टरांच्या मागोमाग रुग्णाच्या खाटेजवळ जातो व त्यांच्या समक्ष नाडी पाहतो. चुकणें, ती चूक कोणी तरी पाहणें आणि तिनें ती आपुलकीनें सांगणें, या तीन पायऱ्या चढल्यावांचून हातोटी साधत नाहीं, हें आपल्या आजीबाईंस कोणत्याहि शास्त्राच्या मदतीवांचून ठाऊक आहे.

या नियमाला आपल्या सुशिक्षित समाजांत एक मोठा अपवाद आहे, आणि तो म्हणजे महाविद्यालयीन प्राध्यापकाचा. पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाली, पात्रतापरीक्षा पार पडली, नेमणुकीचें पत्र हातीं आलें, कीं दुसऱ्याच दिवशीं तो साठसत्तर विद्यार्थ्यांसमोर उभा राहतो. वर्गाचें दार लागतें. तें दार पुढें पंचवीसतीस वर्षें दुसऱ्या अध्यापकासाठीं सहसा उघडत नाहीं. तो चांगला शिकवीत असला तर त्याचें कौशल्य त्याच्याबरोबरच निवृत्त होतें. वाईट शिकवीत असला तर तें विद्यार्थ्यांना कळतें, त्यांच्या आईबापांना परीक्षेच्या निकालानंतर कळतें. कळत नाहीं तें फक्त त्याला स्वतःला.

हें आम्ही प्राध्यापकवर्गाची थट्टा करण्यासाठीं लिहीत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं एखादे काका, आत्या, सूनबाई किंवा जांवईबापू प्राध्यापक असतील. त्यांचे कष्ट घरच्या मंडळींनीं पाहिलेले आहेत. दोष व्यक्तींचा नसून व्यवस्थेचा आहे, आणि त्याला एक उपाय आहे, हेंच आम्हांस सांगावयाचें आहे. तो उपाय फारसा खर्चाचा नाहीं. मात्र त्याला थोडें धैर्य लागतें.

प्रश्न नीट समजण्यासाठीं पुण्यामुंबईच्या नामांकित महाविद्यालयांकडे न पाहतां भंडारा जिल्ह्याचा नकाशा उघडावा. तुमसर तालुक्यांत, वैनगंगा व बावनथडी या नद्यांच्या मुलुखांत, सिहोरा नांवाचें गांव आहे. चांदपूरचा मोठा जलाशय व तेथील मारुतीचें देवस्थान तेथून जवळ. भोंवतीं धानाच्या बांध्या पसरलेल्या. याच तालुक्यांत चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगेनीजच्या खाणी आहेत. मध्यप्रदेशाची हद्द लांब नाहीं. त्यामुळें या भागांत कोणाच्या घरांत पोवारी बोलली जाते, कोणाच्या घरांत झाडीबोली, बाजारांत हिंदी चालते आणि पुस्तकांत भलतीच संस्कृतप्रचुर मराठी किंवा इंग्रजी भेटते. विद्यापीठ मात्र नागपुरास. १९२३ सालीं स्थापन झालेलें आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नांवानें ओळखलें जाणारें हें विद्यापीठ सिहोऱ्याहून सुमारें शंभर किलोमीटरांवर आहे.

अशा मुलुखांतील एखादी मुलगी एस्. टी. च्या पासावर महाविद्यालयांत येते. घरांत पदवीपर्यंत पोंचणारी ती बहुधा पहिलीच. रोवणीच्या दिवसांत चार दिवस वर्ग बुडवून ती आईबरोबर बांधींत उतरते आणि पुन्हां वर्गांत येऊन बसते. अध्यापक बोलत असतात, ती लिहून घेत असते. समजलें नाहीं तरी ती विचारीत नाहीं; समजत नाहीं हा आपलाच दोष, अशी तिची प्रामाणिक समजूत असते. पुढें ती बाजारांतलें ‘गाइड’ विकत घेते, आणि कांहीं दिवसांनीं वर्गास येणेंच सोडते. अध्यापक म्हणतात, ‘हल्लींच्या मुलांना गोडी नाहीं.’ तीहि त्यांची प्रामाणिक समजूतच असते. दोन प्रामाणिक समजुतींच्या मध्यें एका तरुण आयुष्याचीं तीन वर्षें वायां जातात. मधला घोटाळा ज्यानें दाखवावा, असा तिसरा माणूस त्या वर्गांत नसतो.

त्यांतून लहान गांवच्या महाविद्यालयांत एका विषयाला पुष्कळदां एकच अध्यापक. रसायनाच्या माणसानें आपली अडचण सांगावी तरी कोणाला ? अध्यापकांच्या खोलींत चहा होतो, बदल्यांच्या, पगाराच्या व वेळापत्रकाच्या गोष्टी होतात. ‘आज माझा तास फसला’ हें वाक्य मात्र तेथें ऐकूं येत नाहीं.

आतां सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें कोणी म्हणूं नये. प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांना अध्यापनाची पदविका किंवा पदवी घ्यावी लागते. महाविद्यालयासाठीं तशी अट नाहीं. तेथें १९८९ पासून राष्ट्रीय पात्रतापरीक्षा आहे व तिच्याच जोडीला आपल्या राज्याची ‘सेट’ परीक्षा आहे. या परीक्षा उमेदवाराचें विषयज्ञान तपासतात, अध्यापनासंबंधीं कागदावर चार प्रश्नहि विचारतात. परंतु उमेदवाराला वर्गापुढें उभें करून पाहणें त्यांच्या आवाक्याबाहेरचें आहे. १९६३ पासून विज्ञानाच्या व गणिताच्या शिक्षकांसाठीं उन्हाळी वर्ग भरूं लागले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर, १९८७ पासून, विद्यापीठ अनुदान आयोगानें विद्यापीठांतून ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेज’ या नांवाचीं प्रशिक्षणकेंद्रें काढलीं. नागपुरास व अमरावतीस तीं झालीं. २०१५ सालीं त्यांचें ‘मानव संसाधन विकास केंद्र’ असें नामांतर झालें आणि २०२३ पासून तीं मालवीय मिशनच्या छत्राखालीं आलीं.

या केंद्रांनीं केलेलें काम लहान नाहीं. आडगांवचा अध्यापक तेथें तीनचार आठवडे राहिला, दुसऱ्या जिल्ह्यांतील माणसांस भेटला, नवीं पुस्तकें त्यानें पाहिलीं, हा लाभ खराच. परंतु या वर्गांची मुख्य रीत व्याख्यानाची. तज्ज्ञ बोलतात व प्राध्यापक ऐकतात. म्हणजे एकतर्फी व्याख्यानानें विद्यार्थी कंटाळतात, हें प्राध्यापकांस एकतर्फी व्याख्यानानेंच समजावून दिलें जातें. शिवाय पदोन्नतीसाठीं हे वर्ग आवश्यक ठरल्यामुळें कित्येकांचें लक्ष शिकण्यापेक्षां प्रमाणपत्राकडे अधिक, हेंहि ओघानेंच आलें. वर्ग संपतो, प्रमाणपत्र फाइलींत जातें आणि सिहोऱ्याच्या बाजूचा अध्यापक आपल्या बंद दाराच्या वर्गांत पूर्ववत् परत येतो. केंद्रांत जें ऐकलें तें आपल्या वर्गांत साधलें कीं नाहीं, हें पाहावयास बरोबर कोणी येत नाहीं.

मग उपाय कोणता ? तो असा, कीं अध्यापकांनींच अध्यापकांसमोर शिकवावें.

या कल्पनेला व्यवस्थित आकार देणारी एक पद्धति कॅनडा देशाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस महाविद्यालयीन अध्यापकांसाठीं तयार झाली व पुढें अनेक देशांत पसरली. तिची रीत इतकी साधी आहे, कीं प्रथम ऐकणारास ती पोरखेळ वाटावी. चार ते सहा अध्यापक एकत्र येतात. विषय निरनिराळे असले तरी चालतात, किंबहुना असावेतच. तीन किंवा चार दिवस, एकूण सुमारें चोवीस तासांचें काम. प्रत्येकानें या मुदतींत तीन वेळां, दर वेळीं फक्त दहा मिनिटांचा, पाठ घ्यावयाचा. बाकीचे त्या दहा मिनिटांत विद्यार्थी होतात. विद्यार्थ्याचें सोंग आणीत नाहींत, खरोखरच शिकावयास बसतात. पाठ संपला कीं ते आपला अनुभव आधीं लिहून काढतात व नंतर बोलून दाखवितात. दुसऱ्या पाठांत अध्यापक कांहीं बदल करून पाहतो, तिसऱ्यांत आणखी कांहीं. या कामाचा सूत्रचालक कोणी अधिकारी किंवा तपासनीस नसतो. तोहि अध्यापकच असतो, व अशाच मंडळांतून वर आलेला असतो.

दहा मिनिटांच्या पाठाला सहा पायऱ्या सांगितलेल्या आहेत. प्रथम ऐकणाराचें मन विषयाकडे वळवावयाचें. मग आज काय साधावयाचें आहे तें स्पष्ट सांगावयाचें. ऐकणाराला आधींच काय ठाऊक आहे तें विचारून घ्यावयाचें. नंतर त्याच्याकडून कांहीं करवून घेत मुख्य गोष्ट शिकवावयाची. ती समजली कीं नाहीं तें पाहावयाचें. आणि शेवटीं चार वाक्यांत समारोप करावयाचा. यांत नवें असें काय, असें कोणी म्हणेल. नवें कांहींच नाहीं. परंतु आपल्या नेहमींच्या तासांत या सहांपैकीं किती पायऱ्या आपण गाळतों, हें दहा मिनिटांतच उघडें पडतें. तिसरी व पांचवी या पायऱ्या तर बहुतेक सर्वजण गाळतात. म्हणजे विद्यार्थ्याला आधीं काय येत होतें आणि शेवटीं काय आलें, हें दोन्ही आपण विचारीत नाहीं.

या न विचारण्यानें केवढा भ्रम पोसला जातो, याचें एक उदाहरण अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत घडलेलें आहे. एरिक मझूर हे तेथील पदार्थविज्ञानाचे लोकप्रिय प्राध्यापक. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितें सोडवीत आणि प्राध्यापकांच्या अध्यापनाला उत्तम शेरे देत. १९९० च्या सुमारास त्यांनीं आपल्या वर्गाला गतीसंबंधींचे अगदीं साधे, आंकडेमोड नसलेले प्रश्न दिले. तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारलें, कीं याचीं उत्तरें तुम्हीं शिकविलें त्याप्रमाणें लिहावयाचीं, कीं मी एरवीं विचार करतें त्याप्रमाणें ? त्या एका प्रश्नानें प्राध्यापक चमकले. उत्तरपत्रिका तपासल्यावर दिसून आलें, कीं गणितें सोडविणाऱ्या कित्येकांना मूळ कल्पनाच समजलेली नव्हती. पुढें १९९१ पासून त्यांनीं वर्गांत प्रश्न टाकून विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशीं चर्चा करावयास लावण्याची पद्धति सुरू केली, व ती आज जगभर माहीत आहे. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं हार्वर्डच्या नामांकित प्राध्यापकालाहि आपलें बोलणें कोठवर पोंचलें हें आपण होऊन कळलें नाहीं. मग तुमसर तालुक्यांतील एकट्या अध्यापकास तें कळत नसेल, तर त्यांत लाजण्यासारखें काय आहे ?

आतां ही रीत आपल्या मुलुखांत कशी दिसेल, तें पाहूं. समजा, तुमसर, मोहाडी व सिहोरा या बाजूचे सहा अध्यापक एका शनिवारीं एकत्र बसले आहेत. पदार्थविज्ञानाचे अध्यापक घनतेवर दहा मिनिटांचा पाठ घेतात. फळ्यावर व्याख्या लिहितात, सूत्र लिहितात, एकक सांगतात. पाठ संपतो. विद्यार्थी होऊन बसलेल्या मराठीच्या अध्यापिका आपला कागद वाचतात, ‘सर, व्याख्येपर्यंत मी तुमच्याबरोबर होतें. सूत्र आलें तेथें माझें बोट सुटलें. पुढें मी फक्त उतरून घेत होतें.’ पदार्थविज्ञानाच्या माणसास हें ऐकून प्रथम थोडा राग येतो. मग आठवतें, कीं आपल्या वर्गांतील मागच्या तीन बाकांवरची मुलेंहि अशींच माना खालीं घालून उतरून घेतात. तेवढ्यांत शेतकरी घरांतून आलेले इतिहासाचे अध्यापक म्हणतात, ‘सर, पेरणीच्या आधीं आमच्याकडे धानाचें बीं मिठाच्या पाण्यांत टाकतात. पोकळ दाणा वर येतो, भरलेला खालीं बसतो. ही घनताच ना ?’

ही घनताच ! दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवावें, त्यांत धानाचें बीं सोडावें, तरंगलेला पोकळ व रोगट दाणा काढून टाकावा आणि तळाशीं बसलेलें बीं स्वच्छ पाण्यानें दोनतीनदां धुऊन सावलींत सुकवावें, ही बीजप्रक्रिया कृषिखात्यानें गांवोगांवीं सांगितलेली आहे. साध्या पाण्यांत जो अर्धवट भरलेला दाणा बुडाला असता, तो मिठाच्या पाण्यांत वर येतो. कारण मिठानें पाण्याची घनता वाढली. पुढच्या पाठाला अध्यापक एक कांचेचें भांडें, मूठभर धान आणि मिठाची पुडी घेऊन येतात. त्या वेळीं मराठीच्या बाईंचें बोट सुटत नाहीं; आणि सोमवारीं वर्गांत मागच्या बाकावरचीहि कोणी तरी मान वर करून म्हणते, ‘हें तर आम्ही घरीं करतों !’

नागपूरचा किंवा दिल्लीचा तज्ज्ञ हें उदाहरण देऊं शकला नसता. तो विद्वान् असेल, पण त्याला बांधी ठाऊक नाहीं. रसायनाचेंहि तेंच. मँगेनीजच्या संयुगांचे प्रकार मुलें घोकतात. पण प्रयोगशाळेंतील जांभळें परमँगनेट, जें आपल्या आजोबांच्या वेळीं विहिरींत टाकीत, तें ज्या काळ्या खनिजापासून बनतें, तें मँगेनीज डायॉक्साइड याच तालुक्यांत डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघतें व विजेरीच्या कोरड्या घटांसाठीं जातें, हें वर्गांत सांगितलें तर घोकण्याचें काम निम्में हलकें होईल. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला किंमत कशी ठरते हें शिकविण्यास तुमसरच्या धानबाजाराहून चांगला पाठ कोठें मिळणार ? आणि भाषेच्या अध्यापकाला पोवारी व झाडीबोली हीं अशुद्ध मराठीचीं रूपें न वाटतां प्रमाण मराठीकडे नेणाऱ्या पायवाटा वाटूं लागल्या, तर बोलावयास लाजणारीं किती तरी मुलें वर्गांत तोंड उघडतील. सहाध्यापकांच्या मंडळाचा खरा लाभ हाच आहे. ज्ञान बाहेरून आणावें लागतें हें खरें. परंतु तें कोणत्या दारानें आंत न्यावें, हें त्या गांवचाच माणूस दाखवूं शकतो.

अशा तऱ्हेचे प्रयोग आपल्या देशांत झालेलेच नाहींत असें नाहीं. शेजारच्या मध्यप्रदेशांत, त्या वेळच्या होशंगाबाद जिल्ह्यांत, १९७२ सालीं सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक प्रसिद्ध उपक्रम सुरू झाला. विद्यापीठांतील प्राध्यापक व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञ खेड्यांतील शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करीत. आणि शिक्षकांच्या मासिक बैठकी हा त्या कामाचा कणा होता. १९७८ सालीं तो जिल्हाभर पसरला व २००२ सालीं सरकारनें बंद केला. पण त्यांतून तयार झालेले शिक्षक व पुस्तकें मागें राहिलीं. कोठारी आयोगानें १९६६ सालच्या आपल्या अहवालांत शाळासंकुलाची सूचना केली होती. जवळपासच्या शाळांनीं एकमेकींच्या आधारानें सुधारावें, हें तिचें सार. त्या आयोगाचे सदस्यसचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. आजहि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांच्या केंद्रांतून शिक्षण परिषदा भरतात व आठदहा गांवचे गुरुजी आणि बाई एकत्र बसतात. त्या परिषदा कोठें रंगतात, कोठें हजेरीपुरत्या होतात. परंतु प्राथमिक शाळेच्या बाईंना जी बैठक आहे, ती त्याच गांवच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकाला नाहीं, हा विरोधाभास कोणालाहि खटकावा.

महाविद्यालयीन पातळीवरहि पावलें पडलीं आहेत. मुंबईच्या आय्. आय्. टी. नें प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालीं दहा हजार शिक्षकांपर्यंत पोंचण्याचा उपक्रम हातीं घेतला. त्यांत निरनिराळ्या महाविद्यालयांतील समन्वयक आधीं मुंबईस येऊन तयार होत, मग मुख्य व्याख्यानें दूरसंपर्कानें देशभर पोंचत व प्रत्यक्ष सराव त्या त्या केंद्रांत स्थानिक अध्यापकांच्या देखरेखीखालीं होई. पुण्याच्या ‘आयसर’ या संस्थेनें इंग्लंडांतील शेफील्ड हॅलम विद्यापीठाच्या सहकार्यानें पदवीवर्गाच्या विज्ञानशिक्षकांसाठीं कार्यशाळा घेतल्या. तेथें अध्यापक गटागटांनीं बसून आपापल्या वर्गासाठीं लहान लहान उपक्रम रचीत. हीं कामें मोठ्या संस्थांचीं आहेत व त्यांचें महत्त्व मोठें आहे. परंतु दिवा मोठा असला तरी त्याचा उजेड ओसरीपर्यंतच पडतो. माजघरांत दुसरी पणती लावावी लागते. कार्यशाळेहून परतलेल्या एका अध्यापकाभोंवतीं पांच जण जमले, तरच ती पणती लागेल.

या योजनेवर आक्षेप येतील, ते आम्ही लपवीत नाहीं. पहिला आक्षेप मानाचा. वीस वर्षें शिकविलेल्या वडील प्राध्यापकांनीं कालच्या तरुणासमोर दहा मिनिटांचा पाठ घ्यावा आणि त्यानें दोष काढावे, हें आपल्या रीतींत बसत नाहीं. म्हणून या मंडळाचा पहिला नियम असा, कीं कोणी कोणाचे दोष काढावयाचे नाहींत; ‘तुम्हीं असें करावयास हवें होतें’ असें न म्हणतां ‘ऐकतांना माझें असें झालें’ एवढेंच सांगावयाचें. दुसरा नियम, मंडळांतील गोष्ट मंडळाबाहेर न्यावयाची नाहीं. प्राचार्यांच्या कानांवरहि नाहीं. आणि तिसरा, पहिला पाठ सर्वांत वडील असेल त्यानें घ्यावा. ज्येष्ठानें आपला तास फसूं दिला, कीं धाकट्यांची भीति आपोआप जाते.

दुसरा आक्षेप, आंधळ्यानें आंधळ्याला वाट दाखविण्याचा. सारेच सारखे अज्ञ असतील तर एकमेकांना काय शिकवितील ? हा धोका खरा आहे. विषयांतील चूक बरोबरीचा माणूस पकडील असें नाहीं. ती विषयतज्ज्ञानेंच पकडली पाहिजे. म्हणूनच विद्यापीठाचीं केंद्रें मोडून मंडळें काढावीं असें आमचें म्हणणें नाहीं. केंद्रानें विषय द्यावा व सूत्रचालक तयार करावे. मंडळानें तो विषय वर्गांत उतरवावा.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण व सर्वांत खरा. आज कित्येक महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या तरुण अध्यापकांवर मोठी भिस्त आहे. त्यांना तासाप्रमाणें मोबदला मिळतो. सुट्टी पडली, परीक्षा आली, कीं मिळकत थांबते. अशा माणसाला ‘शनिवारीं फुकट कार्यशाळेला या’ असें सांगण्याचा अधिकार कोणाला आहे ? वास्तविक अध्यापनाचें शिक्षण सर्वांत अधिक त्यालाच हवें आहे, आणि ज्ञानाची भूकहि बहुधा त्यालाच अधिक असते. संस्थाचालकांनीं या मंडळाचे तास कामाचे तास म्हणून धरावे व त्यांचा मोबदला द्यावा, यावांचून दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं. इमारतीला रंग देण्याचा एका वर्षाचा खर्च यासाठीं वळविला तरी पुष्कळ होईल.

आतां शेवटचा शब्द आमच्या वाचककुटुंबांसाठीं. कारण ही गोष्ट केवळ महाविद्यालयाच्या आवारांत सुटणारी नाहीं. घरांत प्राध्यापिका असलेली सूनबाई असेल, तर तिला नागपुरास महिनाभर राहून वर्ग करणें किती कठीण, हें वेगळें सांगावयास नको. लहान मूल, आजारी सासरे, सणवार, पाहुणे यांतून वाट काढतां काढतां तिची पदोन्नति मागें पडते, आणि त्याहून मोठें म्हणजे, शिकण्याचा तिचा उत्साह मावळतो. जवळच्या गांवीं महिन्यांतून एक शनिवार भरणारें मंडळ तिच्या आटोक्यांत आहे; अट एवढीच, कीं त्या शनिवारीं घरच्या मंडळींनीं स्वयंपाकघर सांभाळावें. एकत्र कुटुंबाचा अभिमान आपण नेहमीं मिरवितों. एका सुनेला महिन्याचा एक दिवस विद्येसाठीं मोकळा करून देणें, याहून त्याचा चांगला उपयोग कोणता ?

दुसरी गोष्ट याहूनहि सोपी. मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांतून घरीं आली, कीं आपण गुण विचारतों. त्याऐवजीं कधीं तरी विचारावें, कीं आज वर्गांत काय समजलें, तें आजीला समजावून सांग पाहूं. आजीला समजलें तर अध्यापकाचें काम झालें असें समजावें. आणि समजलें नाहीं तर दोष मुलाचा, असें एकदम ठरवूं नये.

सिहोऱ्याकडे आषाढांत पऱ्हे तयार झाले, कीं रोवणी सुरू होते. बायकांची रांग चिखलांत उतरते. त्या रांगेंत पहिल्यांदाच आलेली एखादी मुलगी असते. तिचा हात मंद, तिचीं रोपें वांकडीं. तिला कोणी बांधावर उभें करून व्याख्यान देत नाहीं. डावीकडची बाई तिचें एखादें कललेलें रोप बोलतां बोलतां सरळ करते, उजवीकडची आपला वेग थोडा कमी करते, गाणें चालूं असतें, आणि सायंकाळपर्यंत त्या मुलीची ओळ इतरांच्या ओळींत मिसळून जाते. वर्गांतल्या तिच्या अध्यापकांसहि अशी डावीउजवीकडची सोबत लाभावी, एवढीच आमची मागणी आहे.